लॉरा इंगल्स वाइल्डर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागी, उत्तरेकडील मोठ्या सरोवरांपासून पश्चिमेकडील कोरड्या मैदानांपर्यंत, एक विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. त्यास मध्य-पश्चिम असे म्हणतात. समुद्र येथून शेकडो मैल दूर आहे. उत्तरेकडून येणाऱ्या बर्फाळ वाऱ्यांना अडवील असा एकही पर्वत वाटेत आडवा नाही; आणि दक्षिणेच्या मेक्सिको आखातावरून येणाऱ्या दमट, उष्ण हवेलाही कोठे अटकाव होत नाही. या दोन हवा एकमेकींना भिडतात, त्यामुळे येथील ऋतू टोकाचे असतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे तसतसा पाऊस कमी होत जातो, अरण्ये विरळ होतात आणि अखेर नजर पोहोचेल तेथवर गवतच गवत दिसू लागते. या प्रदेशातील निरनिराळ्या लहान गावांत जिचे बालपण गेले आणि तेथील माणसे हवामानाशी झुंजत दिवस कसे काढीत हे जिने पुढे बारकाईने लिहून ठेवले, त्या लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेचे हे चरित्र आहे.

लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील पेपिन या गावाजवळच्या अरण्यात, एका लाकडी घरात झाला. तिच्या वडिलांचे नाव चार्ल्स आणि आईचे कॅरोलाइन. थोरली बहीण मेरी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. या भागात हिवाळा कडक असला तरी दाट झाडी वाऱ्याचा जोर मोडीत असे, आणि शेकोटीला लाकूड हवे तितके मिळे. थंडीच्या आरंभी मांस धुरावून ठेवावे, भोपळे व कांदे माळ्यावर रचावेत आणि हिवाळा सरता सरता मेपल वृक्षांचा गोड रस काढून त्याची साखर करावी, असा तेथील घरांचा क्रम होता. रात्री चार्ल्स व्हायोलिन वाजवीत आणि मुली ते ऐकत ऐकत झोपी जात.

परंतु चार्ल्स यांचे मन एका ठिकाणी रमत नसे. १८६२ साली झालेल्या एका कायद्यान्वये, जो कोणी १६० एकर जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहील व ती जमीन कसील, त्याला ती जवळजवळ विनामूल्य मिळे. या आशेने हजारो कुटुंबे पश्चिमेकडे निघाली होती. जमीन फुकट होती. मात्र तेथे पाऊस किती पडतो, वारा कोणत्या महिन्यात कसा वाहतो, हे या नवागतांना ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाची किंमत त्यांना पुढे चुकवावी लागली.

१८६९ मध्ये इंगल्स कुटुंब छत घातलेल्या घोडागाडीतून कॅन्सस राज्यात, इंडिपेंडन्स गावाजवळच्या माळावर गेले. येथे झाडे केवळ ओढ्याकाठी होती. चार्ल्स यांनी ओंडके वाहून आणून घर उभारले. ओढ्यालगतच्या ओलसर भागात डासांचा सुळसुळाट असे. सारे घर हिवतापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा जॉर्ज टॅन नावाच्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरांनी त्यांना बरे केले. पण ही भूमी ओसेज या मूळ रहिवाशांच्या मालकीची होती. तिच्यावर घर बांधण्याचा इंगल्स कुटुंबाला अधिकार नव्हता. १८७१ मध्ये ते विस्कॉन्सिनला परतले. ओसेज लोकांना मात्र लवकरच आपला तो मुलूख कायमचा सोडावा लागला.

पुढे १८७४ मध्ये चार्ल्स यांनी मिनेसोटा राज्यातील वॉलनट ग्रोव्ह गावाजवळ, प्लम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी शेत घेतले. ओढ्याच्या दरडीत कोरलेल्या मातीच्या घरात त्यांनी पहिला मुक्काम केला. अशा घराचे छप्पर म्हणजे गवत उगवलेली जमीनच; ते उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राही. गव्हाचे पीक जोमाने वाढले. परंतु १८७५ च्या उन्हाळ्यात टोळधाडीने आकाश झाकोळले. टोळांनी गहू, भाजी, गवत, सारे फस्त केले आणि जमिनीत अंडी घातली; त्यामुळे दुसऱ्या वर्षीचे पीकही हातचे गेले. मजुरी मिळविण्यासाठी चार्ल्स पायीच पूर्वेकडे गेले. त्या हिवाळ्यात आपण निर्धन आहोत असे लिहून देऊन त्यांना सरकारी मदतीचे पीठ घ्यावे लागले. ज्या जातीच्या टोळांनी हा उत्पात केला, ती जात १९०२ नंतर कोणाला जिवंत दिसलेली नाही.

१८७६ मध्ये लॉराचा तान्हा भाऊ दगावला. काही काळ कुटुंबाने आयोवा राज्यातील बर ओक या गावी एक खाणावळवजा हॉटेल सांभाळण्यास मदत केली आणि मग ते वॉलनट ग्रोव्हला परतले. तेथे १८७९ मध्ये मेरीला मोठे आजारपण आले व तिची दृष्टी गेली. त्या दिवसापासून लॉरा तिचे डोळे बनली. आकाशाचा रंग, रस्त्यावरची माणसे, गवतावरून धावणारी वाऱ्याची लाट, हे सारे ती बहिणीला शब्दांनी दाखवू लागली. पाहिलेले नेमके सांगण्याची जी सवय पुढे तिच्या लेखनात दिसते, ती अशी जडली.

त्याच वर्षी चार्ल्स यांना आगगाडीचा मार्ग टाकणाऱ्या कंपनीत काम मिळाले आणि कुटुंब डाकोटा प्रांतात गेले. रुळांच्या कडेने १८८० मध्ये डी स्मेट नावाचे गाव वसले. तेथील पहिला हिवाळा सौम्य गेला होता. त्यामुळे पुढच्या हिवाळ्याची कोणी फारशी तयारी केली नव्हती. ऑक्टोबर १८८० च्या मध्यासच पहिले हिमवादळ आले. त्यानंतर वादळामागून वादळ येत राहिले. रुळांसाठी टेकड्या कापून केलेल्या खिंडी बर्फाने बुजत. मजूर त्या मोकळ्या करीत, तोच पुन्हा वादळ होई, आणि वाऱ्याने दाबलेला बर्फ दगडासारखा घट्ट बसे. जानेवारी १८८१ पासून आगगाड्या पूर्णपणे बंद पडल्या.

त्या लहानशा गावाचे अन्न, कोळसा, रॉकेल आणि टपाल सर्व काही आगगाडीतून येत असे. कोळसा संपला, तेव्हा लोक वाळलेल्या गवताचे घट्ट पीळ वळून जाळू लागले. गवत भराभर जळून जाई, म्हणून घरातील कोणी ना कोणी सतत पीळ वळीत बसे. पीठ संपले, तेव्हा बियाण्याचा गहू कॉफी दळण्याच्या लहान हातयंत्रातून पाळीपाळीने दळावा लागे. आधीच कामाने सुजलेल्या चार्ल्स यांच्या बोटांना व्हायोलिन वाजविणे अशक्य झाले. गहूही संपत आला, तेव्हा आल्मान्झो वाइल्डर हा तरुण शेतकरी एका मित्रासह बर्फाळ माळ ओलांडून गेला व दूरच्या शेतकऱ्याकडून गहू घेऊन आला. वाटेत वादळाने गाठले असते, तर दोघेही परत येते ना. मे महिन्यात गाड्या सुरू झाल्या आणि नाताळसाठी पाठविलेले भेटींचे पिंप तेव्हा कोठे इंगल्स कुटुंबाच्या हाती पडले.

डिसेंबर १८८३ मध्ये, वयाला सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, लॉराबाईंनी शिक्षिकेची परीक्षा दिली आणि एका माळावरच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. मेरी तेव्हा आयोवा राज्यातील व्हिंटन येथे अंधांच्या विद्यालयात शिकत होती. तिला हातभार लावणे लॉराबाईंना कर्तव्य वाटे. परक्या घरी राहून शाळा चालविणाऱ्या या तरुण शिक्षिकेला दर आठवड्याच्या अखेरीस घरी पोहोचविण्यासाठी आल्मान्झो कडाक्याच्या थंडीतही घोड्यांची बर्फगाडी घेऊन येत. २५ ऑगस्ट १८८५ रोजी दोघांचा विवाह झाला.

संसाराची पहिली वर्षे अतिशय कष्टाची गेली. कापणीस आलेला गहू गारपिटीने झोडपला. मग अवर्षणे आली. ओसाड माळावर झाडे लावली व जमीन नांगरली की पाऊस वाढतो, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती; झाडे लावणाऱ्यास जमीन देणारा एक कायदाही होता. वाइल्डर यांनी अशी जमीन घेऊन रोपे लावली, पण पाण्याअभावी ती जगली नाहीत. १२ जानेवारी १८८८ रोजी तर सकाळी उबदार हवा असताना भर दिवसा अकस्मात हिमवादळ झाले व त्यात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शाळेतून घरी निघालेली अनेक मुले होती. त्याच वर्षी घटसर्पाने आल्मान्झो यांचे पाय कायमचे दुबळे झाले. १८८९ मध्ये तान्हा मुलगा गेला आणि राहते घर जळाले. १८८६ मध्ये जन्मलेली कन्या रोज तेवढी जवळ उरली.

फ्लोरिडातील दमट उष्मा लॉराबाईंना मानवला नाही. अखेर १८९४ मध्ये, साठविलेले १०० डॉलर जवळ घेऊन, घोडागाडीने ते मिसुरी राज्यातील मॅन्सफील्ड या गावी पोहोचले. ओझार्क डोंगरांतील हा भाग डी स्मेटहून अगदी वेगळा. येथे पाऊस जवळजवळ दुप्पट, बर्फ पडला तरी फार दिवस टिकत नसे, आणि डोंगर वारा अडवीत; जमीन मात्र खडकाळ. येथे गव्हामागे न लागता त्यांनी सफरचंदाची बाग केली, गाई आणि कोंबड्या पाळल्या. ज्या भूमीचा जो गुण, तो ओळखून त्यांनी शेती केली आणि ४० एकरांचे ते शेत हळूहळू वाढले. १९११ पासून लॉराबाई शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकात घरकाम, कुक्कुटपालन व शेजारधर्म यांवर लेख लिहू लागल्या.

शाळेच्या वह्यांवर पेन्सिलीने लिहिलेले त्यांचे पहिले पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. या कामी लेखिका असलेल्या कन्येचे त्यांना मोठे साहाय्य झाले. १९४३ पर्यंत एकूण आठ पुस्तके निघाली. त्याच दशकात मैदानी प्रदेशात पुन्हा भीषण अवर्षण पडून धुळीची वादळे उठत होती. त्यामुळे टोळधाड आणि उपासमारीच्या त्या जुन्या कथा वाचकांना परक्या वाटल्या नाहीत.

या पुस्तकांत काही उणिवाही आहेत. बर ओकची वर्षे आणि सरकारी मदतीचे पीठ यांचा त्यांत उल्लेख नाही. मूळ रहिवाशांचे चित्रण अन्यायकारक असल्याचे अनेकांनी दाखवून दिले असून, त्यामुळे २०१८ मध्ये लॉराबाईंच्या नावाने दिल्या जाणाऱ्या एका बालसाहित्य पुरस्काराचे नाव बदलण्यात आले. नवागतांच्या कष्टांबरोबरच, ज्यांची भूमी गेली त्यांचे दुःखही आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आल्मान्झो १९४९ मध्ये निवर्तले. १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वदावा वाढदिवस झाल्यावर तिसऱ्या दिवशी, लॉराबाईंनी मॅन्सफील्ड येथे देह ठेवला. त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी हवामानशास्त्रज्ञांनी १८८०-८१ च्या हिवाळ्याच्या जुन्या नोंदी तपासल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासावरून असे दिसून आले की, तो हिवाळा खरोखरच असाधारण कठोर होता. गवताचे पीळ वळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीने जे पाहिले, ते साठ वर्षांनंतरही तिने अचूक सांगितले होते.