सामान्यांचा छायाचित्रकार : रॉबेर द्वानो

फ्रान्सची राजधानी पॅरिस. तिच्या वेशीला लागून जांतियी नावाचे गाव आहे. तेथे १४ एप्रिल १९१२ रोजी रॉबेर द्वानो याचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात त्याचे वडील मारले गेले. पुढे तो सात वर्षांचा होतो न होतो तोच आईही वारली. हा पोरका मुलगा आप्तांच्या घरी वाढला.

पॅरिसच्या एका कलाशाळेत तो छपाईचे ठसे कोरण्यास शिकला. १९२९ साली त्याचे शिक्षण पुरे झाले. पण तोवर छापखान्यांत छायाचित्रांचे युग आले होते. या जुन्या कलेला फारशी मागणी उरली नव्हती. मग रॉबेरने कॅमेरा हाती घेतला. परंतु तो इतका भिडस्त होता की, माणसांसमोर कॅमेरा धरण्याचा त्याला धीर होईना. म्हणून आधी त्याने रस्त्यातील दगडांची छायाचित्रे काढली, मग मुलांची आणि शेवटी मोठ्या माणसांची.

१९३४ साली द्वानो यांना रेनो मोटार कारखान्यात छायाचित्रकाराची नोकरी मिळाली. कामावर वारंवार उशिरा आल्यामुळे १९३९ साली ती गेली. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले आणि १९४० साली जर्मन सैन्याने पॅरिस घेतले. परकीय सत्तेविरुद्ध देशभक्तांची गुप्त चळवळ सुरू झाली. त्यांच्यासाठी द्वानो बनावट ओळखपत्रे तयार करू लागले. पकडले जाते, तर प्राणांशी गाठ होती. जी विद्या वाया गेली असे वाटले होते, तीच आता देशाच्या कामी आली. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले, तो क्षणही त्यांनी टिपला.

युद्धानंतर ते पॅरिसच्या गल्लीबोळांतून हिंडत. मजूर, दुकानदार, खेळणारी मुले हेच त्यांचे विषय. १९५६ सालच्या एका छायाचित्रात शाळेच्या बाकावर दोन मुले दिसतात. एक वर नजर लावून उत्तर आठवीत आहे. दुसरा शेजाऱ्याकडे चोरून पाहत आहे! ते पाहून हसू येते; पण त्या हसण्यात कोणाचाही उपहास नाही.

१ एप्रिल १९९४ रोजी द्वानो यांचे निधन झाले. त्यांनी मागे सुमारे ४,५०,००० छायाचित्रांचा संग्रह ठेवला. ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही, अशा साध्या माणसांचे जीवनही पाहण्याजोगे असते, हे या भिडस्त माणसाने जगाला दाखवून दिले.