साठ प्रतींचे नियतकालिक

शास्त्रज्ञाची योग्यता त्याच्या शोधनिबंधांची संख्या आणि इतरांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला यावरून ठरवण्याची रीत आता जगभर रूढ झाली आहे. हीच फूटपट्टी १८८८ मध्ये सांतियागो रामोन इ काहाल यांना लावली असती, तर आधुनिक मेंदूविज्ञानाचा हा जनक जवळजवळ नापासच ठरला असता. कारण त्यांचे निबंध कोणी वाचलेच नव्हते.

स्पेनमधील पेतिया दे आरागोन या खेड्यात १ मे १८५२ रोजी काहाल यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. डॉक्टर असलेल्या वडिलांना ते मान्य नव्हते. अभ्यासात रमत नाही म्हणून वडिलांनी मुलाला न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारीलाही ठेवले. अखेर मानवी हाडांची चित्रे काढता काढता त्यांना शरीरशास्त्राची गोडी लागली. लष्करी डॉक्टर म्हणून ते १८७४ मध्ये क्यूबात गेले आणि हिवतापाने खंगून परतले. पुढे १८८३ मध्ये त्यांना व्हॅलेन्सिया विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. तेथील १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने त्यांना उत्तम प्रतीचा झाइस सूक्ष्मदर्शक भेट दिला.

इटलीचे कॅमिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी मेंदूतील मोजक्याच पेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली होती. पण ती फारशी प्रचारात नव्हती. माद्रिदमध्ये लुईस सिमारो यांनी १८८७ मध्ये काहाल यांना ती दाखवली. काहाल यांनी तिच्यात सुधारणा केली आणि प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांचे व प्राण्यांचे गर्भ तपासायला घेतले. या वयात चेतातंतूंवर आवरण चढलेले नसते, त्यामुळे प्रत्येक तंतूचा शेवटपर्यंत माग काढता येतो. तोपर्यंत मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचे अखंड जाळे, असा समज होता. काहाल यांना मात्र प्रत्येक पेशी स्वतंत्र दिसली.

हे निष्कर्ष छापण्यासाठी बार्सिलोनात असताना त्यांनी मे १८८८ मध्ये स्वतःचे त्रैमासिक काढले. पहिल्या अंकातील सर्व निबंध त्यांचेच होते, खर्चही त्यांचाच. प्रती अवघ्या साठ छापल्या आणि बहुतेक परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. प्रतिसाद जवळजवळ मिळालाच नाही. विज्ञानाचा व्यवहार जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजीत चालत असे. स्पॅनिश वाचणारे फारच थोडे होते.

तेव्हा पदरची शिल्लक खर्चून, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे नमुने घेऊन ते ऑक्टोबर १८८९ मध्ये बर्लिनला जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेत गेले. शब्दांनी जे साधले नव्हते, ते प्रत्यक्ष दर्शनाने साधले. त्या काळातील नामांकित शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट फोन कोलिकर यांनी नमुने पाहिले, पुढे ते प्रयोग स्वतः करून पडताळले आणि काहाल यांचे नाव युरोपभर पोहोचवले. विल्हेल्म वाल्डायर यांनी १८९१ मध्ये या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. त्यांच्या विवेचनात काहाल यांच्या निरीक्षणांचा मोठा आधार होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९४ मध्ये त्यांना मानाच्या क्रूनियन व्याख्यानासाठी पाचारण केले.

वैद्यकाचे नोबेल पारितोषिक १९०६ मध्ये काहाल आणि गॉल्जी यांना विभागून मिळाले. विशेष म्हणजे गॉल्जी यांनी पारितोषिकाच्या व्याख्यानातही अखंड जाळ्याचाच कैवार घेतला. या वादाचा निर्णायक निकाल १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिला: दोन चेतापेशींमधील सूक्ष्म फट स्पष्ट दिसली. ती पाहायला काहाल नव्हते. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले होते.

मज्जासंस्थेवरील त्यांचा महाग्रंथ स्पॅनिशमध्ये १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाला. त्याची फ्रेंच आवृत्ती १९०९ ते १९११ मध्ये आली, तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर थेट १९९५ मध्ये. मूळ लेखनानंतर नव्वद वर्षांनीही एखाद्या वैज्ञानिक ग्रंथाचे भाषांतर करावेसे वाटावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्यांच्या निबंधांचे आणि चित्रांचे दाखले संशोधक आजही देतात. साठ प्रतींच्या त्या अंकाची किंमत पहिल्या वर्षीच्या प्रतिसादावरून ठरवली असती, तर मेंदूविज्ञान केवढ्या ठेव्याला मुकले असते!