महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी

आषाढ लागला, म्हणजे रामटेकच्या टेकडीवर काळे मेघ उतरू लागतात. कालिदासाने ‘मेघदूत’ या काव्यात अशाच एका मेघाला निरोप्या केले आहे. शापामुळे रामगिरीवर एक वर्ष एकटा राहणारा यक्ष त्या मेघाला हिमालयातील अलका नगरीची वाट समजावून सांगतो. पण हा रामगिरी कोठला? जुना टीकाकार मल्लिनाथ याने तो चित्रकूट मानला. काही विद्वानांनी सरगुजाच्या रामगढाकडे बोट दाखविले. या प्रश्नाचा ज्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, ते वासुदेव विष्णु मिराशी.

मिराशींचा जन्म १८९३ साली तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कुवळे या लहानशा गावी झाला. उच्च शिक्षण संपवून ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि हा कोकणचा पुत्र कायमचा विदर्भाचा झाला. केवळ ग्रंथ वाचून त्यांचे समाधान होत नसे. ताम्रपट, शिलालेख, जुनी नाणी यांवरील झिजलेली अक्षरे ते तासन्‌तास न्याहाळीत. १९३४ साली त्यांचा ‘कालिदास’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रामगिरीचा शोध त्यांनी दोन अंगांनी घेतला. पहिले अंग भूगोलाचे. मेघाला उत्तरेकडे जायचे आहे आणि वाटेत त्याला रेवा म्हणजे नर्मदा लागते. चित्रकूट तर नर्मदेच्या उत्तरेस आहे. तेथून उत्तरेला निघालेल्या मेघाला नर्मदा भेटणार कशी? रामगढाचीही तीच अडचण. रामटेकहून मात्र नर्मदा नेमकी उत्तरेस येते. दुसरे अंग इतिहासाचे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट रिद्धपूर येथे मिळाला. तो रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. तेव्हा कालिदास या राजसंबंधातूनच विदर्भात आला असावा, असे मिराशींचे मत होते. सर्वच पंडितांना ते पटले असे नाही. पुष्कळ वर्षे वाद चालला आणि मिराशी प्रत्येक आक्षेपाला शांतपणे उत्तर देत राहिले.

मेघाची ही वाट नकाशावर मोजून पाहण्याजोगी आहे. रामटेकपासून कैलास सरळ रेषेत सुमारे १,१०० किलोमीटर आहे. आजचे प्रवासी विमान ते अंतर दीड तासात कापील. यक्ष मात्र मेघाला विदिशेवरून वाकडी वाट करून उज्जयिनीला जाण्याचा आग्रह करतो. पुढे दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल अशी स्थळे जोडीत गेल्यास १,७०० किलोमीटरांहून अधिक अंतर भरते. शापाचे चारच महिने उरलेले असताना निरोप्याला असा वळसा घालायला लावणारा यक्ष जरा चमत्कारिकच म्हटला पाहिजे!

१९४१ साली मिराशींना ‘महामहोपाध्याय’ ही पदवी मिळाली. निवृत्तीच्या वयानंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ साली निघाला, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८५ साली नव्वदी ओलांडून ते निवर्तले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९७ मध्ये, कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ रामटेक येथे स्थापन झाले.