डॉ. होमी भाभा

अणूचे केंद्र डोळ्यांना दिसत नाही. परंतु अस्थिर केंद्रातून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा मोजली, म्हणजे ते चेंडूसारखे गोल आहे की अंड्यासारखे लांबट, हे ताडता येते. असे संशोधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. या संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा होत.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता व्हावे, म्हणून वडिलांनी त्यांस केंब्रिजला धाडले. होमींचे मन मात्र पदार्थविज्ञानात रमले. तरीही पित्याच्या इच्छेस मान देऊन १९३० साली त्यांनी यंत्रविद्येच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळविला आणि मगच ते आपल्या आवडत्या विषयाकडे वळले. विश्वकिरणांतील इलेक्ट्रॉनांपासून गॅमा किरण व गॅमा किरणांपासून पुन्हा नवे इलेक्ट्रॉन, असा वर्षाव कसा होतो, हे त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ साली दाखविले.

१९३९ साली ते सुटीवर मायदेशी आले, तोच महायुद्ध पेटले. परतणे अशक्य झाल्याने ते बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत काम करू लागले. युद्धानंतर परदेशी जाऊन कीर्ती मिळविणे त्यांस सोपे होते. परंतु उच्च संशोधनासाठी भारतीय तरुणांस नेहमीच परक्या देशाचा आश्रय का घ्यावा लागावा, हा विचार त्यांस स्वस्थ बसू देईना. ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी ही संस्था स्थापिली आणि १९५६ साली तुर्भे येथे अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात विमान कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांनी लावलेले विद्येचे रोप मात्र वाढतच राहिले.