बर्फावरचे गोलरक्षक जॅक प्लान्त

आपल्याकडे बर्फ म्हणजे फक्त गोळ्याचा! पण कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात. तिथल्या जॅक प्लान्त यांची माहिती मी सांगते.

त्यांचा जन्म १९२९ साली क्विबेक प्रांतात झाला. अकरा भावंडांत ते थोरले. घरी गरिबी. आईने त्यांना विणायला शिकवले. ते मोठेपणीसुद्धा लोकरीच्या टोप्या विणायचे. मला हे फार आवडले. त्यांना दमा होता, बर्फावर फार पळवत नसे, म्हणून ते गोलात उभे राहू लागले.

त्या खेळात चेंडू नसतो, रबराची कडक चकती असते. तरी तेव्हा गोलरक्षक उघड्या तोंडाने खेळत. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये चकती प्लान्त यांच्या तोंडावर बसली. रक्त आले, टाके घातले. मुखवटा घालू दिला तरच खेळतो, असे ते म्हणाले. सरावात ते तो घालतच. प्रशिक्षकांना ते पसंत नव्हते. लोक भित्रा म्हणायचे. पण दुसरा गोलरक्षकच नव्हता, मग काय करतात! सामना ३-१ ने जिंकला. टाके घातल्यावर परत उतरणारा माणूस भित्रा कसा? त्याच हंगामात त्यांच्या मॉन्ट्रियल संघाने सलग पाचव्यांदा स्टॅन्ली चषक जिंकला. मग हळूहळू बाकीचेही मुखवटा घालू लागले.

१९७३ साली ते क्विबेकच्या संघाचे प्रशिक्षक झाले. पुढे फिलाडेल्फियाच्या गोलरक्षकांना त्यांनी शिकवले. १९८६ साली ते स्वित्झर्लंडमध्ये वारले.