खडीचा रस्ता, अनवाणी पाय आणि दोराबजी

भाईंदरला पश्चिमेकडे उतरून उत्तनच्या बसमध्ये बसले की मिठागरांचा ओलसर वास काही वेळ सोबतीला असतो. मुर्धे, राई, मोर्वा अशी गावे मागे पडतात आणि मग डोंगरी येते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी तेथे जाणे झाले. रस्त्याच्या कडेने वीस-पंचवीस मुले-मुली धावत चालली होती. पुढे स्कूटरवर मास्तर, त्यांच्या गळ्यात घड्याळ. शाळेच्या धावण्याच्या संघाची निवड होती म्हणे. मैदानात गोल फेऱ्या मारायच्या नव्हत्या. रस्ता सोडून पायवाटेने चढायचे, शेताच्या बांधावरून उतरायचे आणि पुन्हा रस्त्याला लागायचे. ज्याला क्रॉसकंट्री म्हणतात, ती ही शर्यत. एका मुलाने बूट काढून नाड्यांनी गळ्यात अडकवले होते आणि तो अनवाणीच पळत होता. बूट नवे होते, चावत होते. मुलगा चौथा आला. मास्तरांनी वहीत त्याचे नाव लिहिले, पण बुटांबद्दल दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडले नाही.

शाळांनी संघ बांधायचे, एका शाळेने दुसऱ्या शाळेशी धावायचे, गुरुजींनी घड्याळ घेऊन उभे राहायचे, हे सारे आपल्याला आता सृष्टिक्रमासारखे वाटते. पण मुंबईत ते कोणीतरी मुद्दाम आणले. ज्यांनी ते आणले त्यांत एक नाव पोलादाच्या कारखान्यामुळे, वीज कंपनीमुळे आणि कर्करोगाच्या इस्पितळामुळे सर्वांच्या तोंडी आहे. मैदानाशी मात्र ते फारसे कोणी जोडत नाही. ते नाव सर दोराबजी टाटा यांचे.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९चा, मुंबईतला. जमशेटजी आणि हिराबाई यांचे हे थोरले चिरंजीव. मुंबईत प्राथमिक शिक्षण झाल्यावर १८७५ मध्ये त्यांची रवानगी इंग्लंडला, केंट परगण्यातील एका खासगी शिक्षकाकडे झाली. वय अवघे सोळा. दोन वर्षांनी ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले. त्या काळातील इंग्लंडच्या शाळा-कॉलेजांत खेळ हा अभ्यासाइतकाच गंभीर मामला होता. रग्बीच्या शाळेत १८३७ पासून मुले गावाबाहेरच्या शेतांतून मैलोगणती पळण्याची शर्यत लावत होती. श्रूजबरीच्या मुलांनी तर कागदाचे कपटे टाकत जाणारा ससा आणि त्याचा माग काढणारे शिकारी कुत्रे असा धावण्याचा खेळच रचला होता. या हवेत आपला पारशी मुलगा दोन वर्षे राहिला. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये त्याने कॉलेजात नाव कमावले. टेनिस झाले, नाव वल्हवणे झाले, घोडेस्वारी तर होतीच. पुढे एकदा त्यांनी मुंबईहून खडकीपर्यंतची मजल घोड्यावरून नऊ तासांत मारली, असे सांगतात. बोरघाट मध्ये आहे हे ध्यानात घेतले म्हणजे घोड्याचीही दया येते.

१८७९ मध्ये ते मुंबईला परतले, सेंट झेवियर्समधून १८८२ मध्ये पदवीधर झाले आणि बापाच्या पेढीत न जाता ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये दोन वर्षे चक्क वार्ताहरकी केली. १८८४ पासून मात्र पेढी. आधी पाँडिचेरीला गिरणीची चाचपणी, मग नागपूरची एम्प्रेस मिल.

याच्या आसपासच्या वर्षांत त्यांनी जे एक काम अंगावर घेतले, ते चरित्रांत ओळी-दोन ओळींत उरकले जाते. काही इंग्रज स्नेह्यांच्या मदतीने त्यांनी मुंबईच्या हायस्कुलांची एक क्रीडा संघटना उभी केली आणि तिचे चिटणीसपद स्वतःकडे घेतले. सुरुवात क्रिकेटने झाली. मग पळण्याच्या आणि उड्यांच्या शर्यती आल्या. इंग्लंडात विद्यापीठांच्या सामन्यांत जे जे प्रकार असत, ते बहुतेक सारे मुंबईच्या शाळकरी पोरांसाठी त्यांनी मांडले. चिटणीस म्हणजे काय काम, हे ज्याने एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन पार पाडले आहे त्याला विचारावे. शाळांना पत्रे, वयाचे दाखले, वेळापत्रक, पंचांची मनधरणी, बक्षिसे, आणि शेवटी हरलेल्या शाळेच्या हेडमास्तरांची तक्रार! गिरणी मालकाच्या मुलाने हे करावे याची काहीच गरज नव्हती. पण शाळेत असताना ज्याला संघात जागा मिळाली तो माणूस पुढे वेगळा होतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले होते.

१९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. मागे ठेवले ते पोलाद, वीज आणि विज्ञान संस्था असे तीन अपुरे संकल्प. दोराबजी तेव्हा पंचेचाळिशीत होते. त्यानंतरची पंधरा वर्षे त्यांच्या पायाला भिंगरी होती. खनिज शोधण्यासाठी अमेरिकन तज्ज्ञांबरोबर ते आपल्या चांदा जिल्ह्यातील जंगलात बैलगाडीने हिंडले. लोहाऱ्याला लोखंड होते, पण कारखान्यापुरता कोळसा जवळ नव्हता. नागपूरच्या संग्रहालयात भिंतीवर लावलेला दुर्ग जिल्ह्याचा भूस्तरांचा नकाशा त्यांच्या नजरेस पडला आणि तेथून शोधाला नवी दिशा मिळाली. १९०७ मध्ये मुंबईच्या नवसारी बिल्डिंगपुढे शेअर घेण्यासाठी माणसांची रीघ लागली. सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत सारे भांडवल उभे केले. १९१० मध्ये ते ‘सर’ झाले आणि १९१२ मध्ये साकचीच्या भट्टीतून पोलाद बाहेर पडले. हा इतिहास अनेकदा सांगून झाला आहे. आपल्याला पुण्याकडे वळायचे आहे.

पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. मुंबईच्या शाळांमधील शर्यतींची वार्ता बाहेर पसरली होतीच. जिमखान्याच्या मंडळींनी दोराबजींना अध्यक्षपद दिले आणि ते तेथील मैदानी सामने पाहायला गेले. तेथे त्यांनी जे पाहिले त्याचा वृत्तान्त त्यांनी पुढे, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात दिला आहे. उतरलेले स्पर्धक होते शेतावर राबणारी, कोरड्यासभाकरीवर दिवस काढणारी कुणब्याची पोरे. युरोपातील नियम, सराव, आहार असल्या गोष्टी त्यांच्या कानांवरूनही गेल्या नव्हत्या. मैदान इतके लहान की शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घेण्याचा बेत होता आणि धावकांच्या मार्गांमध्ये दोऱ्यासुद्धा लावायच्या नव्हत्या! केंब्रिजच्या आखीव हिरवळीवर खेळलेल्या माणसाला हे पाहून हसू आले असते तर नवल नव्हते.

पण मग लांब पल्ल्याची शर्यत झाली. तिला मॅरेथॉन म्हणत. अंतर सुमारे पंचवीस मैल, रस्ता खडीचा नाहीतर मातीचा, आणि पाय अनवाणी. पहिले तीन-चार जण आले तेव्हा दोराबजींनी वेळ पाहिली. ती युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळांच्या शेजारी बसवावी अशी होती. ज्यांनी ती वेळ नोंदवली त्यांना आपण काय केले याचा पत्ताही नव्हता. हे १९१९च्या सुमाराचे. दोराबजींचे वय साठ. माझ्या मते त्यांच्या सबंध आयुष्यातील हा एक मोठा क्षण आहे. श्रीमंत माणसे अशा वेळी फेटा बांधतात, शंभराची नोट देतात आणि मोटारीत बसतात. यांनी घड्याळातील आकड्यावर विश्वास ठेवला.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड होते. बेल्जियममध्ये अँटवर्पला १९२० मध्ये ऑलिंपिक व्हायचे होते आणि हिंदुस्थानला तेथे स्वतःच्या नावाने जागा नव्हती. दोराबजींनी लॉइडसाहेबांमार्फत ब्रिटिश ऑलिंपिक समितीकडे खटपट केली आणि धावणाऱ्यांपैकी तिघांना धाडण्याची तयारी स्वतः दाखवली. परवानगी आली, समिती बनली, पुण्यात निवड चाचणी झाली. चार मैदानी खेळाडू आणि दोन मल्ल निवडले गेले. बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी अंतराचे धावक. सदाशिव दातार, कैकाडी आणि बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे लांब पल्ल्याचे. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे कुस्तीगीर. चौगुले जेमतेम अठरा वर्षांचे होते, म्हणजे आजच्या हिशेबाने बारावीचा मुलगा.

कल्पना करा, बेळगावकडचा पोरगा, आगबोट, समुद्र, मग इंग्लंडची थंडी, काट्याचमच्याने जेवण. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, पाव किलोमीटर कमी त्रेचाळीस किलोमीटरची होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन दोन तास बत्तीस मिनिटांत पहिला आला. चौगुले दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत पोहोचले. क्रमांक एकोणिसावा. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. शिंदे कुस्तीत चौथे आले, पदक थोडक्यात हुकले. पदक नाही म्हणून आपल्याकडे ही नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जगातील निवडक धावपटूंत एकोणिसावा येणे ही काय साधी गोष्ट होती?

आता एक अवघड गोष्ट. चौगुले परतले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पुण्याजवळच्या मुळशी पेट्यात सत्याग्रह पेटला. टाटांच्या वीज कंपनीचे धरण मावळातील भातशेती गिळणार होते. सेनापती बापट या लढ्यातूनच सेनापती झाले. जमिनी मात्र वाचल्या नाहीत. कंपनीच्या घराण्याचे प्रमुख दोराबजीच होते. म्हणजे ज्या मुलखातील कुणब्याच्या पायांतील गुण या माणसाने ओळखला, त्याच मुलखातील कुणब्याची जमीन त्याच्या कंपनीने पाण्याखाली घातली. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज मिळाली हेही खरे. चरित्रकार बहुधा या दोहोंतील एक पान उलटून पुढे जातात. मला दोन्ही पाने एकाच वहीतली वाटतात, आणि त्यांची बेरीज कशी करायची ते अजून जमलेले नाही.

पोलादाच्या कारखान्यावरही याच काळात शनी आला. युद्ध संपल्यावर पोलादाचे भाव गडगडले, विस्ताराचा खर्च मात्र डोक्यावर. १९२४ मध्ये जमशेदपुराहून तार आली की पगार वाटायला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली सगळी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहेरबाईंचे दागिने त्यातच गेले. कोहिनूरच्या दुपटीहून वजनदार असा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा त्यांत होता. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि बक्षिसे जिंकून आणत, त्यामुळे खेळाचे वेड दोघांचे होते. घरात मूलबाळ नव्हते.

आणि याच १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकसाठी संघ उभा राहत होता! मद्रासच्या वाय. एम. सी. ए.चे हॅरी बक आणि डॉ. नोरेन यांना हाताशी धरून प्रांतोप्रांती चाचण्या घेतल्या गेल्या, दिल्लीला अखिल भारतीय सामने झाले आणि आठ जण पॅरिसला गेले. दोराबजींनी यातही पैसा घातला. हिरा बँकेत आणि पोरे बोटीवर! पॅरिसमध्येच क्रॉसकंट्रीची शर्यत ऑलिंपिकमध्ये शेवटची धावली गेली. उन्हाचा तडाखा असा की अडतीसपैकी पंधराच जण टिकले आणि तो प्रकार कार्यक्रमातून कायमचा निघाला. शाळांनी मात्र तो सोडला नाही.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी अध्यक्षपद पतियाळाच्या महाराजांकडे गेले आणि त्याच वर्षी हॉकीचे सुवर्ण आले.

मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये वारल्या. लंडनजवळ ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांना ठेवले. दोराबजींनी मुंबईत परतून आपले सारे किडूकमिडूक, टायपिनेपर्यंत, एका विश्वस्तनिधीच्या नावे केले. त्या निधीतून पुढे १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था आणि १९४१ मध्ये परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. वर्षश्राद्धाला पत्नीच्या कबरीशी पोहोचावे म्हणून १९३२च्या एप्रिलमध्ये ते बोटीने निघाले. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जूनला त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनाही ब्रुकवुडला, मेहेरबाईंच्या शेजारी, ठेवण्यात आले.

फडेप्पा चौगुले त्यांच्यामागे वीस वर्षे होते. ते १९५२ मध्ये गेले. त्याच वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव, गावकऱ्यांनी आणि गुरुजनांनी जमवलेल्या पैशांवर हेलसिंकीला जाऊन कुस्तीत कांस्यपदक घेऊन आला. त्याची मिरवणूक शंभरावर बैलगाड्यांची होती.