मिरजेचे डॉक्टर : सर विल्यम वानलेस

म्हैसुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मिरज हे नाव नवे नाही. 1971 साली पुणे-मिरज लोहमार्ग रुंद झाला आणि पुढे कित्येक वर्षे गावी जाताना मिरजेला गाडी बदलावी लागे. सामानसुमान सांभाळीत फलाटावर ताटकळणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी त्या गावाच्या दोन गोष्टी हमखास येत : तेथील तंबोरे आणि तेथील मिशनचे इस्पितळ. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या इस्पितळाच्या संस्थापकाचे स्मरण करणे उचित वाटते. कारण तोही आपल्यासारखाच घरापासून दूर येऊन राहिलेला मनुष्य होता.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते सपत्नीक हिंदुस्थानात आले. पत्नी मेरीबाई या शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या होत्या. प्रथम सांगलीत दवाखाना थाटला गेला आणि मग त्यांनी मिरज हे आपले कार्यक्षेत्र ठरविले. या निवडीत दूरदृष्टी होती. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. दूरदूरच्या रुग्णाला तेथवर पोहोचणे शक्य होते. संस्थानिकांनी जागा दिली, अमेरिकेतून द्रव्यसाहाय्य आले आणि 1894 साली रुग्णालय उभे राहिले.

आरंभीचा काळ सुखाचा नव्हता. परका माणूस, परका धर्म आणि हाती शस्त्र! धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू असल्याने सोवळ्या घरांतून संशय असणे स्वाभाविक होते. तो संशय वादविवादाने मिटणारा नव्हता. मोतीबिंदूने अंध झालेला वृद्ध शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या पायांनी घरी परतला, की त्याच्या वाटेने गावातील आणखी चार जण मिरजेला निघत. अशा रीतीने हळूहळू कीर्ती पसरली.

1906 साली मेरीबाई निवर्तल्या. त्या वेळी डॉक्टर मायदेशी कायमचे परतते, तर कोणी दोष दिला नसता. परंतु ते राहिले. पुढे पुन्हा विवाह झाला आणि काम वाढत गेले. क्षयरोग्यांसाठी त्यांनी मोकळ्या हवेत आरोग्यधाम उभारले. ती वस्ती वानलेसवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली.

त्यांच्या कार्याचा सर्वांत टिकाऊ भाग मात्र वेगळाच आहे. एका शल्यविशारदाचे हात किती जणांपर्यंत पोहोचणार, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून रुग्णालयाला जोडूनच त्यांनी येथील तरुणांसाठी वैद्यकीय शिक्षणाची सोय केली. 1962 मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा शिक्षणाची ही परंपरा त्या गावाला अपरिचित नव्हती.

सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर 1928 साली ते निवृत्त झाले. ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. 1933 साली कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे त्यांचा अंत झाला.

परमुलखात राहणाऱ्याने तेथील अन्न खावे आणि आपल्यापुरते पाहावे, हा सोपा मार्ग असतो. डॉक्टर वानलेस यांनी तो पत्करला नाही. मिळविलेली विद्या त्यांनी ज्या मातीत राहिले तिच्या मुलांच्या हाती दिली. चामुंडीच्या पायथ्याशी आपला संसार मांडून बसलेल्या आपणा सर्वांना या चरित्रापासून घेण्यासारखे आहे ते हेच.